सगळे सदस्य सारखेच असतील, तर लॉगिनमध्ये रोल हवेत का?

खारफुटी

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि ठाणे खाडीवर पक्षी मोजणाऱ्या एका लहान गटासाठी सवडीने संकेतस्थळ तयार करत आहे. गटात साधारण ४० जण आहेत. कोणी कोपरीच्या बाजूने मोजतात, कोणी ऐरोलीच्या बांधावरून, तर कोणी सीवूड्सच्या पाणथळीवरून. खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या नोंदींचे मोल आम्हाला अधिकच जाणवू लागले आहे.

आजवर आम्ही सगळे आकडे एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये भरत होतो. गेल्या हंगामात कोणीतरी नकळत त्यातला एकच स्तंभ क्रमाने लावला, बाकीचे स्तंभ जागच्या जागी राहिले, आणि कोणत्या सकाळी कोणी किती रोहित मोजले याचा ताळमेळच उरला नाही. वह्या ताडून ते सारे पूर्ववत करण्यात आमचे दोन महिने गेले. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या नावाने लॉगिन करावे, स्वतःची नोंद भरावी, फक्त स्वतःचीच बदलावी आणि इतरांच्या नोंदी वाचाव्यात, एवढीच सोय मला हवी आहे. आमच्यात अध्यक्ष नाही, सचिव नाही; गट सुरू झाला तेव्हाच तसे ठरले होते आणि ते मोडावे असे मला वाटत नाही.

मी एएसपी डॉट नेट कोअर हे संकेतस्थळ बनवण्याचे साधन वापरत आहे. लॉगिनसाठी त्याच्यासोबत येणारी 'आयडेंटिटी' ही तयार व्यवस्था घेतली, पहिले मायग्रेशन (डेटाबेसची रचना उभारणारा किंवा बदलणारा कोड) चालवले, आणि डेटाबेसमध्ये एकदम ७ टेबले उभी राहिली. त्यांतली ३ केवळ रोलसाठी, म्हणजे सदस्यांना वेगवेगळे अधिकार देणाऱ्या पदांसाठी आहेत: रोलची यादी, कोणत्या सदस्याला कोणता रोल दिला आहे त्याची जोडणी, आणि रोलला चिकटवलेले क्लेम (जोडलेली छोटी माहिती). ही तिन्ही माझ्याकडे कायम रिकामी राहणार आहेत. ती काढून टाकावीत की तशीच राहू द्यावीत, काढल्यास लॉगिनच्या सुरक्षिततेला कुठे धक्का लागतो का, आणि पुढे कधी गरज पडली तर काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

येऊर

रिकामी टेबले कोणाचे काही बिघडवत नाहीत. राहू द्या आणि पुढचे काम हाती घ्या.

पारसिक

येऊर यांच्याशी मी सहमत नाही. टेबल जागा अडवते म्हणून नव्हे, तर वर्षभराने कोड वाचणारा माणूस रोलचे टेबल पाहतो आणि कुठेतरी रोल तपासले जात असतील असे समजून चालतो, म्हणून. जे नाही ते नाही, हे डेटाबेसकडे पाहताक्षणी कळले पाहिजे. मी महापे येथे याच व्यवस्थेवर काही वर्षे काम केले आहे, म्हणून नेमके काय करावे ते लिहितो.

रोलची टेबले कुठून येतात हे आधी पाहावे. बहुतेकांना वाटते की ती प्रोग्रामच्या सुरुवातीला केलेल्या नोंदणीमुळे येतात. प्रत्यक्षात ती येतात डेटाबेसच्या कॉन्टेक्स्टमुळे, म्हणजे कोडला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागामुळे. आपला कॉन्टेक्स्ट 'आयडेंटिटी-डीबी-कॉन्टेक्स्ट' या वर्गापासून बनवलेला असेल, तर आपण रोल वापरा अथवा न वापरा, ती ३ टेबले तयार होणारच. त्याऐवजी तो 'आयडेंटिटी-युजर-कॉन्टेक्स्ट' या वर्गापासून बनवावा. मग नेहमीच्या मांडणीत ४ टेबले उरतात: सदस्य, सदस्याचे क्लेम, बाहेरच्या खात्यांनी केलेली लॉगिन आणि टोकन.

दुसरी बाजू नोंदणीची. 'ॲड-आयडेंटिटी' ही जुनी पद्धत सदस्य आणि रोल असे दोन्ही प्रकार मागते. 'ॲड-डीफॉल्ट-आयडेंटिटी' रोल मागत नाही आणि तयार पानेही देते. 'ॲड-आयडेंटिटी-कोअर' सर्वांत हलकी आहे, पण तिच्यात लॉगिन घडवून आणणारा साइन-इन मॅनेजर आपोआप येत नाही, तो वेगळा जोडावा लागतो, आणि कुकीची (लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेची) व्यवस्थाही आपणच सांगावी लागते. या दोन बाजू एकमेकींशी जुळत नसतील तर गोंधळ होतो. कॉन्टेक्स्टमधून रोल काढले आणि नोंदणीत ते राहून गेले, तर संकेतस्थळ सुरू होते, पहिले पानही दिसते, आणि कोणी लॉगिन करू लागला की रोलचा प्रकार मॉडेलमध्ये नाही अशी चूक समोर येते. माझी यात एक संपूर्ण दुपार गेली होती.

आपले पहिले मायग्रेशन आधीच चालवून झाले आहे. कॉन्टेक्स्ट बदलल्यावर जे नवे मायग्रेशन तयार होईल त्यात ती ३ टेबले पाडण्याची सूचना असेल. ते चालवण्यापूर्वी उघडून ओळ न ओळ वाचावे, आणि त्याआधी बॅकअप घ्यावा.

बेलापूर_लोकल

पारसिक यांनी दिलेली माहिती अचूक आहे, परंतु धाग्याचा खरा प्रश्न टेबलांचा नाही असे मला वाटते. लॉगिन 'तुम्ही कोण' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. 'तुम्हाला हे करता येईल का' हा दुसरा प्रश्न आहे, आणि रोल हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी केवळ एक उत्तर आहे. खारफुटी यांच्या संकेतस्थळावर रोल नाहीत, म्हणून तो दुसरा प्रश्न नाहीसा होत नाही. 'फक्त स्वतःचीच नोंद बदलावी' हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे, आणि हा एक कडक नियम आहे. तो मालकीवर आधारलेला आहे, पदावर नाही, एवढाच फरक.

हा नियम कुठे मोडतो ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. खारघरमधील आमच्या इमारतीच्या देखभालीची बिले एका संकेतस्थळावर मिळत असत. लॉगिन होते, पासवर्ड होता, ओटीपीही होता. पण बिल उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी बिलाचा क्रमांक दिसे, आणि त्यातला शेवटचा अंक बदलला की शेजाऱ्याचे बिल, त्याच्या थकबाकीसकट आणि फोन क्रमांकासकट, समोर उघडत असे. सर्व्हर फक्त एवढेच पाहत होता की माणूस लॉगिन केलेला आहे. हे बिल त्याचे आहे का, असे त्याने एकदाही विचारले नाही. मी कळवल्यानंतर ते दुरुस्त व्हायला बरेच आठवडे लागले, आणि त्या काळात मला प्रत्येक महिन्याचे बिल उघडताना संकोच वाटत असे.

हा दोष दुर्मीळ नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१ साली वेब सुरक्षेतल्या दहा मोठ्या धोक्यांची जी यादी काढली, तिच्यात प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत. २०१७ च्या यादीत त्या पाचव्या होत्या. म्हणून माझी सूचना अशी की, नोंद शोधणाऱ्या क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेतच, मालकाची अट घालावी. आधी क्रमांकावरून नोंद आणायची आणि मग मालक तपासायचा, असे दोन टप्पे ठेवले तर कधी ना कधी दुसरा टप्पा लिहायचा राहतो. नोंदीचा क्रमांक आणि लॉगिन केलेल्या सदस्याचा क्रमांक हे दोन्ही एकाच क्वेरीत द्यावेत, आणि सदस्याचा क्रमांक सेशनमधूनच घ्यावा. फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून कधीही घेऊ नये, कारण तो रकाना ब्राउझरमध्ये कोणालाही बदलता येतो.

कोपरी

बेलापूर_लोकल यांच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. सलग क्रमांकांऐवजी लांबलचक यादृच्छिक क्रमांक वापरले की झाले, असे काही जण सुचवतात. त्याने अंदाज बांधणे अवघड होते हे खरे, पण असा पत्ता कोणी गटाच्या चॅटवर टाकला की तो गुप्त राहत नाही. मालकीची तपासणी त्यानंतरही लागतेच.

संकेतस्थळ बनवण्याची इतर साधने (फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. जँगोमध्ये 'ॲबस्ट्रॅक्ट-युजर' घेतला तर गट आणि परवानग्या सोबत येतात; 'ॲबस्ट्रॅक्ट-बेस-युजर' घेतला तर पासवर्ड आणि शेवटच्या लॉगिनची वेळ एवढेच मिळते, बाकीचे आपण लिहायचे. मात्र हा निर्णय पहिल्या मायग्रेशनपूर्वीच घ्यावा, नंतर सदस्याचे मॉडेल बदलणे फार कष्टाचे होते. शिवाय जँगोचे तयार ॲडमिन पान वापरायचे असेल, तर त्याला लागणाऱ्या परवानगीच्या पद्धती पुन्हा लिहून द्याव्या लागतात. लारावेलमध्ये रोल मुळातच नाहीत. तिथे पॉलिसी (परवानगीचा नियम) लिहिताना सदस्याचा क्रमांक नोंदीच्या मालकाशी ताडून पाहणे ही अगदी नेहमीची रीत आहे. रेल्सच्या २०२४ मधील आठव्या आवृत्तीपासून लॉगिनचा सांगाडा तयार करून देणारी आज्ञा आली आहे, तिच्यातही रोल नाहीत. म्हणजे खारफुटी जे मागत आहेत ते अजिबात आडवळणाचे नाही.

येऊर

मी पहिला प्रतिसाद घाईने दिला होता, त्यामुळे आता नीट मांडतो. माझी शंका तांत्रिक नसून माणसांबद्दल आहे. ४० जणांच्या गटात एखादा नवखा सदस्य मोठ्या रोहितांना छोटा रोहित समजून शंभर नोंदी भरील आणि परगावी निघून जाईल. त्या कोण सुधारणार? कोणाचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले तर ते कोण बंद करणार? हा अधिकार कोणाकडे तरी असावाच लागतो, आणि ज्याच्याकडे तो असेल त्याला आपण ॲडमिन म्हणतो. मग पहिल्या दिवसापासून ॲडमिन हा रोल ठेवण्यात गैर काय?

खारफुटी

येऊर, आपला प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो गटात बोललो होतो. चुकीच्या नोंदीबद्दल आमच्या वह्यांमध्ये पूर्वीपासून एक पद्धत आहे: दुसऱ्याच्या आकड्यावर कोणी खाडाखोड करत नाही, शेजारी स्वतःचे निरीक्षण आणि नाव लिहितो. संकेतस्थळावरही तसेच हवे आहे. मूळ नोंद तिच्या लेखकाची राहील, तिच्याखाली इतरांना आक्षेप नोंदवता येईल, आणि तो आक्षेप ही त्या आक्षेपकाची नोंद असेल. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील. अशाने मालकीचा एकच नियम सगळीकडे पुरतो.

खाते बंद करण्याचे मात्र उत्तर माझ्याकडे नाही.

पारसिक

खाते बंद करणे, पासवर्ड काढून टाकणे, असली कामे वर्षातून दोन-चारदा होणार असतील, तर त्यासाठी वेबवर पान असण्याचीच गरज नाही. सर्व्हरवर चालवायची छोटी आज्ञा लिहावी. ती चालवण्याचा अधिकार सर्व्हरवर प्रवेश असलेल्या दोघांकडे राहील. वेबवर ॲडमिनचे पानच नसेल, तर ते फोडण्याचा प्रश्न येत नाही. केवळ दोघेच जण का, तर एक जण गावी असताना दुसरा उपलब्ध असावा म्हणून.

रोल कधी घ्यावेत याबद्दल माझे मत सांगतो. रोलवर आधारित नियंत्रणाची मांडणी फेराइओलो आणि कून यांनी १९९२ साली केली. मोठ्या संस्थांमध्ये शेकडो माणसे आणि शेकडो परवानग्या असतात, माणसे बदली होतात, आणि प्रत्येकाला एकेक परवानगी देत बसणे अशक्य होते. म्हणून माणूस आणि परवानगी यांच्यामध्ये 'पद' नावाचा एक थर ठेवला. जिथे सगळ्यांच्या परवानग्या एकच आहेत तिथे त्या थराला धरायला काहीच नसते. सदस्याच्या टेबलात 'ॲडमिन आहे का' असा हो-नाहीचा स्तंभ घालण्याची वाटही मोहात पाडते, पण तो मागच्या दाराने आलेला रोलच आहे, आणि त्याला रोलची शिस्तही नसते. पुढे खरोखरच एखादा वेगळा अधिकार लागला, तर सदस्याच्या क्लेमचे टेबल आपल्याकडे आहेच. त्यात एक क्लेम देऊन त्यावर पॉलिसी लिहिता येते, रोलची टेबले तेव्हाही लागत नाहीत.

उपवन

सेशनऐवजी जेडब्ल्यूटी टोकन (सर्व्हरने सही करून दिलेला ओळखीचा मजकूर) वापरल्यास सदस्याची माहिती टोकनमध्येच राहील आणि डेटाबेसला फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. तो पर्याय कोणी का सुचवला नाही?

बेलापूर_लोकल

उपवन, जेडब्ल्यूटीचे प्रमाण २०१५ सालचे आहे आणि अनेक सेवा एकमेकींशी बोलत असतील तिथे ते उपयोगी पडते. इथे एकच संकेतस्थळ आणि एकच ब्राउझर आहे. दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालते, ते मध्येच रद्द करायचे तर रद्द केलेल्यांची यादी ठेवावी लागते, आणि ती पाहण्यासाठी पुन्हा डेटाबेसकडे जावेच लागते. कोणाचा फोन लोकलमध्ये हरवला, तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढता आले पाहिजे. आयडेंटिटीच्या कुकीत सिक्युरिटी स्टॅम्प नावाची खूण असते. पासवर्ड बदलला की ती बदलते, आणि सर्व्हर मुळात दर ३० मिनिटांनी ती ताडून पाहतो. हे अंतर कमीही करता येते. कुकीवर एचटीटीपी-ओन्ली आणि सिक्युअर या सुरक्षेच्या खुणा असाव्यात, आणि सेमसाइट ही सुरक्षेची अट निदान 'लॅक्स' या पातळीवर असावी, एवढे पाहिले की साधी कुकी या कामाला उत्तम आहे.

नौपाडा_वनस्पती

मी तंत्रज्ञ नाही. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत होते, निवृत्तीनंतर बारा वर्षे खाडीवर पक्षी मोजते आहे, आणि हे संकेतस्थळ ज्यांच्यासाठी बनत आहे त्यांच्यापैकी एक आहे. खारफुटी यांनी दुवा पाठवला म्हणून सगळा धागा वाचला.

आपण सर्वांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी विनंती आहे. आम्ही ओहोटीच्या वेळी मोजतो. ती वेळ कधी पहाटे साडेपाचला येते. एका हातात दुर्बीण असते, बोटांना चिखल असतो, बांधावर नेटवर्क येते-जाते, आणि भरती सुरू झाली की थवा उठतो. अशा वेळी पासवर्ड विचारणारे पान समोर आले, तर मी वहीतच लिहीन आणि घरी जाऊन भरायचे राहून जाईल. माझ्या वयाच्या आम्ही सात-आठ जणी आहोत. पासवर्ड लक्षात राहत नाही हेही खरे आहे. बँकेसारखा फोनवर ओटीपी येण्याची सोय करता येणार नाही का?

पारसिक

ताई, आपण लिहिलेत ते फार उपयोगाचे आहे, कारण लॉगिनची मुदत किती असावी हे आम्ही बसल्या जागी ठरवले असते.

फोनवरचा ओटीपी लहान गटाला जड जातो. भारतात असे संदेश पाठवण्यासाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या संदेश-नोंदणीच्या व्यवस्थेत संस्थेची नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मजकूर दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात, आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. नोंदणीकृत संस्था नसलेल्या ४० जणांच्या गटासाठी ते व्यवहार्य नाही. त्याऐवजी पासकी ठेवता येईल: फोन ज्या बोटाच्या ठशाने उघडतो त्याच ठशाने लॉगिन होते आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. मात्र बोटांना चिखल असेल तर ठसा लागणार नाही, म्हणून खरा उपाय हा की बांधावर लॉगिन मागितलेच जाऊ नये. आयडेंटिटीची कुकी मुळात १४ दिवसांची असते आणि वापर होत राहिला की मुदत पुढे सरकते. 'मला लक्षात ठेवा' ही खूण केलेली असेल तर ब्राउझर बंद केल्यावरही ती टिकते. मी ती मुदत ९० दिवसांची ठेवीन, आणि ईमेल वा पासवर्ड बदलताना तेवढा जुना पासवर्ड पुन्हा विचारीन.

अक्षरओळख

मूळ प्रश्नाच्या थोडे बाजूचे, पण मराठी सदस्यांसाठी महत्त्वाचे वाटते म्हणून लिहिते. ताईंसारख्या अनेकांना देवनागरीत पासवर्ड ठेवणे सोपे वाटेल; एखाद्या ओवीचे चार शब्द माणूस विसरत नाही. आयडेंटिटीचे मूळ नियम ते होऊ देत नाहीत. पासवर्डमध्ये एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे, असा तिचा आग्रह असतो, आणि मोठे-लहान अक्षर म्हणजे केवळ रोमन लिपीतले, अंक म्हणजे केवळ इंग्रजी अंक. '५' लिहिला तरी अंक नाही अशी तक्रार येते. सदस्यनावातही देवनागरी अक्षरे मुळात चालत नाहीत. हे सगळे नियम बदलता येतात आणि बदलावेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अक्षरांच्या मिश्रणाची सक्ती आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावणे, या दोन्ही गोष्टी नकोत असे सांगितले; लांबी महत्त्वाची, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहणे महत्त्वाचे.

देवनागरी पासवर्ड घेतल्यास दोन खाचखळगे आहेत. पहिला, बीक्रिप्ट या हॅशच्या (पासवर्ड उलटा न वाचता येईल असा साठवण्याच्या) पद्धतीत ७२ बाइटपर्यंतचाच मजकूर धरला जातो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात, म्हणजे २४ चिन्हांतच मर्यादा संपते. तीन-चार शब्दांत आपण तिथे पोहोचतो. आयडेंटिटी पीबीकेडीएफ-२ ही दुसरी पद्धत वापरते, तिथे ही अडचण नाही. परंतु जँगो वा लारावेलमध्ये बीक्रिप्ट असेल तर लक्ष द्यावे.

दुसरा खळगा अधिक सूक्ष्म आहे. एकच अक्षर संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाऊ शकते. 'ऱ' हे अक्षर एका संकेतानेही साठवता येते, आणि 'र' व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. फोनचा कीबोर्ड एक प्रकार वापरतो आणि लॅपटॉपचा दुसरा, मग डोळ्यांना एकच दिसणारा पासवर्ड सर्व्हरला वेगळा वाटतो. हॅश करण्यापूर्वी युनिकोडचे एनएफसी हे ठरावीक रूप करून घेतले की हे दोन्ही एक होतात. पण 'दऱ्या' किंवा 'सुऱ्या' यांतला अर्धा र काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह अशा मार्गाने लिहितात, आणि ते एनएफसीनेही एक होत नाही. तेवढ्यासाठी स्वतःची एक ओळ लिहावी लागते.

कोपरी

अक्षरओळख यांचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. आमच्या एका प्रकल्पात 'माझा पासवर्ड फोनवर चालतो, घरी चालत नाही' अशी एका आजोबांची तक्रार होती आणि आम्ही तिचा दोष त्यांच्या स्मरणशक्तीला दिला होता. त्याचे आज मनापासून वाईट वाटले.

खारफुटी

आठवडाभराने परत येत आहे. सर्वांचे आभार, आणि काय केले ते लिहितो.

कॉन्टेक्स्ट बदलला, मायग्रेशन वाचून चालवले, आता ४ टेबले आहेत. पारसिक यांनी सांगितलेली लॉगिनच्या वेळची चूक मलाही आली, कारण नोंदणीतली जुनी ओळ राहिली होती; धाग्यामुळे ती पाच मिनिटांत सापडली. नोंद बदलण्याचे आणि पुसण्याचे सगळे मार्ग आता एकाच फंक्शनमधून जातात, आणि त्याची क्वेरी मालकाच्या क्रमांकाशिवाय चालतच नाही. दुसऱ्याची नोंद मागितली तर ४०३ (परवानगी नाही) ऐवजी ४०४ (सापडले नाही) असे उत्तर जाते. फॉलबॅक पॉलिसी लावली आहे, त्यामुळे एखाद्या नव्या पानावर लॉगिनची अट लिहायला मी विसरलो तरी ते पान बंदच राहील. सर्वांना खुली असलेली दोन-तीन पानेच तशी खूण करून उघडी ठेवली आहेत.

एक अडचण अशी आली की मी प्रत्येक वेळी नवी आवृत्ती चढवली की सगळे सदस्य लॉगआउट होत होते. कुकी ज्या किल्ल्यांनी बंद केली जाते त्या कंटेनरमध्येच (संकेतस्थळ ज्या तात्पुरत्या पेटीत चालते तिच्यातच) तयार होऊन त्याच्यासोबत नष्ट होत होत्या. आता त्या बाहेरच्या कायम डिस्कवर ठेवल्या आहेत. ताईंच्या ९० दिवसांचा एरवी काही उपयोग झाला नसता.

नोंदी वाचण्याबाबत एक अपवाद गटाने ठरवला आहे. घरट्याची नेमकी जागा फक्त नोंद करणाऱ्यालाच दिसेल, इतरांना केवळ परिसराचे नाव दिसेल. हाही मालकीचाच नियम आहे, त्यामुळे रोलची गरज इथेही पडली नाही.

उपवन

घरट्यांच्या नोंदीसोबत छायाचित्रेही चढवता येतात का? येत असतील तर दोन गोष्टी तपासाव्यात. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात, म्हणजे पानावर जागा लपवली तरी चित्रातून ती बाहेर पडते. आणि चित्रे जर स्थिर फाइलींच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये जात असतील, तर फॉलबॅक पॉलिसी तिथे पोहोचत नाही. पत्ता माहीत असलेला कोणीही लॉगिन न करता ती उघडू शकतो.

खारफुटी

चित्रे नेमकी त्याच फोल्डरमध्ये होती, आणि त्यातली जागेची माहितीही तशीच होती. काही काळ चित्रे चढवणे थांबवले होते. आता ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून लॉगिन तपासणाऱ्या मार्गानेच देत आहे, आणि साठवतानाच आतली माहिती पुसत आहे. उपवन, आपले ऋण मोठे आहे.

कोपरी

जाता जाता एक. सदस्याने स्वतःचे खाते पुसले तर त्याच्या नोंदींचे काय होते? एन्टिटी फ्रेमवर्क कोअर या डेटाबेस हाताळणाऱ्या साधनात नोंदीला सदस्याचा क्रमांक अनिवार्य असेल, तर सदस्य पुसताच त्याच्या सगळ्या नोंदीही पुसल्या जातात. मूळ वर्तन तसेच आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माणसाला स्वतःची माहिती पुसायला सांगण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्यासाठी त्याचे नाव आणि ईमेल जावे, खाडीवरच्या बारा वर्षांच्या मोजण्या जाऊ नयेत.

येऊर

हा मुद्दा माझ्याही मनात आला नव्हता. मालकीवर सगळे उभे केले की मालक गेल्यावर काय, हे ठरवावेच लागते. खारफुटी, रोल नकोत हे मला आता पटले आहे. हे मात्र आजच करा.

खारफुटी

केले. सदस्याचा स्तंभ रिकामा राहू शकेल असा केला, आणि खाते पुसताना नोंदी राहतात, फक्त नावाचा धागा तुटतो. अशी नोंद मग कोणालाही बदलता येत नाही, कारण तिला मालक नाही. आक्षेप तेवढा नोंदवता येतो. चाचणीसाठी माझेच जुने खाते पुसून पाहिले, सगळे आकडे जागेवर आहेत.

रविवारी ओहोटी सकाळची आहे. ऐरोलीच्या बांधावर नौपाडा ताईंच्याच फोनवरून पहिली नोंद करून पाहावी असे ठरवतो आहे.

नौपाडा_वनस्पती

मी येते. पासवर्ड चार शब्दांचा ठेवला आहे, त्यात 'ऱ' नाही. वहीसुद्धा बरोबर आणते, पहिल्या दिवशी दोन्हीकडे लिहू आणि घरी जाऊन आकडे जुळतात का ते पाहू.